कर्ज बाईचे, व्याज कोणाचे?



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठी विद्वान मंडळी बोलून गेली आहेत. मी विद्वान नाही. आठवीनंतर शाळेची आणि माझी फारकत झाली. पुढचे शिक्षण भोसरीच्या एका वर्कशॉपात लेथवर, कामगारवस्तीतल्या वाचनालयात आणि कारखान्यांच्या गेटवर झाले. गेली तीस वर्षे मी युनियनचे काम करतो आहे. व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी 'खेड्यातील बायकांचे छोटे कर्ज आणि छोटा धंदा' असे सांगितले. ते जरा चकित झाले. म्हणाले, "तुम्ही संपावर बोलाल असे आम्हाला वाटले होते." मी म्हणालो, "मी संपावरच बोलणार आहे." ते कसे, हे आपल्या ध्यानात येईलच.

प्रथम थोडा इतिहास सांगतो. आपल्याकडे वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यास १८७५ साली पाडली. त्याच वर्षी, मे महिन्याच्या १२ तारखेस, याच पुणे जिल्ह्यात भीमथडी तालुक्यातील सुपे गावच्या बाजारात शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरांतून, दुकानांतून कर्जरोखे बाहेर काढून त्यांनी ते जाळले. तेथून हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतील गावोगावी गेले. बहुतेक ठिकाणी लोकांनी माणसांच्या जिवाला हात लावला नाही. हात लावला तो कागदाला. कारण जमीन जाते ती कागदामुळे, हे अडाणी म्हटल्या गेलेल्या त्या कुणब्याला पक्के कळले होते. पुढे १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला, १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा आला. तरीसुद्धा स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेने जेव्हा देशभर ग्रामीण कर्जाची पाहणी केली आणि १९५४ साली तिचा अहवाल आला, तेव्हा असे आढळले की, शेतकऱ्याच्या शंभर रुपये कर्जातले सहकारी संस्थांचे रुपये जेमतेम तीन होते आणि सावकारांचे सुमारे सत्तर!

सुप्यास जे कागद जळाले, त्यांवर अंगठे होते ते पुरुषांचे. आज दीडशे वर्षांनी आपल्या या पट्ट्यात, भोसरीपासून चाकणपर्यंत आणि चाकणपासून खेडच्या डोंगरातल्या वाड्यांपर्यंत, घरोघर जो कर्जाचा कागद आहे, त्यावर सही आहे ती बाईची. हा बदल लहान नाही. तो चांगला की वाईट, हा आजचा प्रश्न आहे.

हा बदल कसा झाला? चाकणच्या बाजूला पूर्वी कांद्या-बटाट्याचे राज्य होते. पुढे महाळुंगे, निघोजे, खालुंब्रे या गावांच्या जमिनी औद्योगिक वसाहतीसाठी घेतल्या गेल्या आणि मोटारींचे कारखाने आले. जमिनीचा मोबदला सातबारावर ज्याचे नाव त्याला मिळाला, आणि सातबारावर बाईचे नाव क्वचित. खुरपणी तिने केली, काढणी तिने केली, कांद्याच्या चाळीत उन्हातान्हात ती बसली; धनादेश मात्र सासऱ्याच्या, दिराच्या नाही तर नवऱ्याच्या नावावर आला. कोणी बंगला बांधला, कोणी भाड्याच्या खोल्या काढल्या, कोणी गाडी घेतली आणि दोन वर्षांत विकली. याच चाकणच्या बाजारात १९७०च्या दशकाच्या अखेरीस शरद जोशींनी कांद्याच्या भावाचे आंदोलन उभे केले. शेजारच्या आंबेठाणला त्यांची शेती होती. त्यांच्याच शेतकरी संघटनेने पुढे 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली आणि जमिनीचा तुकडा घरच्या लक्ष्मीच्या नावावर करा, असे नवऱ्यांना बजावले. १९९४ साली महाराष्ट्रात आणि २००५ साली सबंध देशात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क कायद्याने मिळाला. परंतु कायद्यातला हक्क आणि तलाठ्याच्या दप्तरातले नाव यांत पुष्कळ अंतर असते. भाऊ-बहिणीचे नाते तुटू नये म्हणून हक्कसोडपत्रावर सही करून देणाऱ्या बहिणी आपणा सर्वांच्या घरात आहेत.

ज्याच्या नावावर काही नाही, त्याला बँक कर्ज देत नाही. ती तारण मागते. बाईपाशी तारण कशाचे? गळ्यातल्या दोन मण्यांचे! तेव्हा तारणावाचून कर्ज कसे द्यावे, या प्रश्नावर जगभर विचार झाला. बांगलादेशात मुहम्मद युनूस या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९७६ साली जोब्रा नावाच्या खेड्यात ४२ माणसांना मिळून स्वतःच्या खिशातले अवघे २७ डॉलर दिले. त्यातून ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ साली दोघांना, म्हणजे त्यांना आणि बँकेला, शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. युक्ती साधी होती. जमिनीचे तारण नसेल तर शेजारणींचे तारण घ्यावे; गटाने एकमेकींची हमी द्यावी. ही कल्पना आपल्याला तरी अगदी नवी वाटू नये. आपल्या आयाबायांची भिशी काय निराळी होती? मूठमूठ धान्य बाजूला काढून मुष्टिफंडातून शाळा चालवणारा हा महाराष्ट्र आहे.

आता माझ्या अनुभवाकडे येतो. यात माझीच चूक सांगायची आहे, आणि ती सांगण्यासाठीच मी हे आमंत्रण स्वीकारले.

गोष्ट दहा-बारा वर्षांपूर्वीची. चाकणच्या बाजूला एका कारखान्याच्या कंत्राटी कामगारांनी गेटवर बसायचे ठरवले. कारखान्याचे नाव घेत नाही. ते महत्त्वाचे नाही. काही पोरांना कामावरून काढले होते आणि पगाराचा प्रश्न होता. युनियनपाशी फंड नव्हता. माझा अनुभव असा की, संपाच्या पहिल्या आठवड्यात घोषणा असतात, दुसऱ्या आठवड्यात उसनवारी असते आणि तिसऱ्या आठवड्यापासून माणसे फुटू लागतात. या खेपेस माणसे फुटली नाहीत. चांगली दीड महिना टिकली. मी गेटसभेत छाती पुढे काढून सांगत असे की, ही कामगारांच्या निष्ठेची ताकद आहे. शेवटी तडजोड झाली. काढलेल्या पोरांना परत घेतले, पगारात थोडी वाढ मिळाली. गुलाल उधळला. माझ्या गळ्यात हार पडले.

त्यानंतर आठ दिवसांनी एका कामगाराची बायको युनियनच्या कचेरीत आली. मांडीवरच्या पिशवीतून तिने तीन कर्जकार्डे काढली आणि टेबलावर मांडली. पहिले कर्ज शिलाई मशीन घेण्यासाठी काढले होते. मशीन कधी आलेच नाही. त्या पैशाचे तांदूळ, डाळ, तेल आणि पोराच्या शाळेची फी झाली. पहिल्याचा हप्ता भागवायला दुसरे कर्ज काढले, दुसऱ्यासाठी तिसरे. तिन्ही निरनिराळ्या कंपन्यांची. ती म्हणाली, "भाऊ, तुमचा संप मिटला. माझा हप्ता काही मिटला नाही."

मी काय बोललो, ते सांगायला आज लाज वाटते. मी म्हणालो, "वहिनी, हा तुमचा घरगुती प्रश्न झाला. युनियन यात काय करणार?"

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "संपाला बसताना घरच्यांना बरोबर घ्या, असं तुम्हीच सांगत होता ना?" तिने कार्डे पिशवीत घातली आणि ती निघून गेली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढच्या पंधरवड्यात मी संपात बसलेल्या पोरांच्या घरी एकेक करून गेलो. नवऱ्यांशी बोललो नाही, बायकांशी बोललो. घरागणिक तेच. कोणी गटातून कर्ज घेतले होते, कोणी कंपनीकडून, कोणी मंगळसूत्र गहाण टाकले होते. नवऱ्याला पुष्कळ ठिकाणी पत्ताही नव्हता. तेव्हा मला कळले की, आमचा संप आमच्या निष्ठेवर टिकला नव्हता. तो या बायकांच्या हप्त्यांवर टिकला होता. संपाची शिदोरी त्यांनी बांधली, आणि तिचे व्याजही त्याच भरत होत्या.

आता व्याजाविषयी बोलतो, कारण हिशेबावाचून कळवळा फुकट आहे. त्या बाईंच्या एका कार्डावर दर शेकडा १२ लिहिला होता. ऐकायला स्वस्त वाटते. पण तो दर होता सपाट. दहा हजार रुपये कर्ज घेतले, तर बाराशे रुपये व्याज, एकूण अकरा हजार दोनशे, ते बारा महिन्यांत फेडायचे. परंतु पहिला हप्ता भरल्याबरोबर मुद्दल कमी होऊ लागते. वर्षभराचा हिशेब काढला, तर त्या बाईच्या हाती सरासरीने दहा हजार नव्हे, सुमारे ५,४०० रुपयेच राहतात. म्हणजे ५,४०० रुपयांवर बाराशे रुपये व्याज; दर झाला जवळजवळ बावीस टक्के! शिवाय विम्याचे आणि कागदपत्रांचे पैसे आधीच कापून घेतलेले.

वसुलीची पद्धतही पाहा. पाच बायकांनी एकमेकींची हमी द्यायची. एकीचा हप्ता चुकला तर पैसे गोळा होईपर्यंत बाकीच्यांनी उठायचे नाही. त्या बाईंच्या दारात साहेब कमी आले. मैत्रिणीच जास्त आल्या. ज्या पाणवठ्यावर सुखदुःखाच्या गोष्टी होत होत्या, तेथे तोंड चुकवणे सुरू झाले. आमच्या कामगारांना हे चटकन समजेल. कंत्राटदार एकाच्या चुकीचा दंड सबंध पाळीला लावतो, म्हणजे मग त्याला मुकादम नेमावा लागत नाही. कामगारच एकमेकांचे मुकादम होतात. एकजूट ही मोठी शक्ती आहे; पण ती कोणाच्या हातात आहे, हे आधी विचारावे लागते.

यापेक्षा दुसरा प्रकार कोणता? तो दूर शोधायला नको. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्याच्या गावी, राजगुरुनगरला, सुधा कोठारी यांची 'चैतन्य' संस्था १९९०च्या दशकापासून हे काम करीत आहे. देशात नाबार्डने १९९२ साली बचतगट बँकांशी जोडण्याचा प्रयोग पाचशे गटांपासून सुरू केला. त्याच काळात खेडच्या खेड्यांतील बायका दहा-दहा, पंधरा-पंधरा अशा जमून महिन्याला थोडी थोडी बचत करू लागल्या होत्या. आणि त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. गटांचा मिळून त्यांनी तालुक्याचा 'ग्रामीण महिला स्वयंसिद्धा संघ' केला. मी युनियनचा माणूस आहे. मला हा शब्द ऐकल्याबरोबर अर्थ कळला. एकटा गट म्हणजे एका खात्याचे कामगार. संघ झाला की ते बँकेच्या मॅनेजरसमोर खुर्चीवर बसून बोलू शकतात.

बचतगटाची रीत आपल्यापैकी बऱ्याच भगिनींना ठाऊक आहे. दहा ते वीस बायका, ठरलेल्या तारखेस बैठक, ठरलेली बचत, त्यातूनच एकमेकींना कर्ज, वेळेवर परतफेड आणि लिहिलेला हिशेब. या पाच गोष्टी सांभाळल्या, तर गट बँकेकडे जाऊ शकतो. शासनाच्या ग्रामीण उपजीविका अभियानाखाली, ज्याला आपण 'उमेद' म्हणतो, अशा गटांना तीन लाखांपर्यंतचे कर्ज बँकांकडून सात टक्क्यांनी मिळण्याची सोय आहे. कंपनीचा बावीस आणि हा सात, यांतला फरक म्हणजे एका पोराची वर्षाची वह्या-पुस्तके.

पण माझा मुद्दा दराचा नाही. उलट, तुम्हाला एक चमत्कारिक गोष्ट सांगतो. पुष्कळ गट आपल्या सभासदांना महिन्याला शेकडा दोन रुपये व्याज लावतात. दहा हजारांचे कर्ज बारा समान हप्त्यांत फेडले आणि व्याज घटत्या मुद्दलावर धरले, तर वर्षाचे व्याज होते तेराशे. म्हणजे त्या कंपनीच्या बाराशेपेक्षा शंभर जास्त! मग गट चांगला कसा? चांगला अशासाठी की, कंपनीचे बाराशे वाडीबाहेर जातात आणि परत येत नाहीत. गटाचे तेराशे पेटीत पडतात, आणि त्या पेटीत कर्ज घेणारीचाही वाटा असतो. व्याजाचा दर कोणी ठरवला? तिने. हप्ता चुकला तर मुदत वाढवायची की नाही, हे कोण ठरवणार? तिच्या घरी पाळणा हलला की सासरा वारला हे ज्यांना माहीत आहे, त्या ठरवणार. एका ठिकाणी ती गिऱ्हाईक आहे, दुसऱ्या ठिकाणी सभासद आहे. भगिनींनो, आमची सारी कामगार चळवळ या एका फरकावर उभी आहे.

त्या बाईंचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. त्यांच्या वाडीत तेरा बायकांचा गट होता. महिन्याला शंभर रुपये बचत. त्या गटाने दोन बैठका वाद घातला. एक म्हातारी म्हणाली, "हिनं संपापायी पैसं खाल्लं, आमी का भरायचं?" दुसरी म्हणाली, "संप तिचा एकटीचा व्हता का?" शेवटी वीस हजार रुपये दिले, दोन कर्जे बंद केली, आणि अट घातली की नवे कर्ज कंपनीकडून घ्यायचे नाही आणि काहीतरी धंदा करून दाखवायचा.

त्यांनी शिलाई मशीन घेतली नाही. आजूबाजूला पाहिले. भाड्याच्या खोल्यांतून मराठवाड्याची, विदर्भाची, बिहारची, ओडिशाची पोरे राहत होती. एका खोलीत सहा-सहा. पाळीवरून यायची आणि वडापाव खाऊन झोपायची. बाईंनी आठ डब्यांनी सुरुवात केली. पहिल्याच महिन्यात दोन पोरे पैसे न देता काम सोडून गावी गेली. खाते बुडाले. तेव्हा गटाने शहाणपण शिकवले: पंधरा दिवसांचे पैसे आगाऊ. धान्य दोघी-तिघींनी मिळून घाऊक घ्यायला सुरुवात केली. सगळे कर्ज फिटायला अडीच वर्षे लागली. ती बाई श्रीमंत झाली नाही. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला नाही. पण मागे एकदा तिच्या घरी गेलो, तर चहा देताना म्हणाली, "भाऊ, आता हप्ता घ्यायला कुणी येत नाही. मीच जाते, गटाच्या बैठकीला." एवढेच. मला ते पुष्कळ वाटले.

ही डब्याची वाट कामगार चळवळीला तरी नवी असायला नको होती. मुंबईच्या गिरणगावात हजारो गिरणी कामगार खानावळवाल्या बायकांच्या हातचे जेवत होते. संप झाला की त्या उधारीवर जेवू घालीत आणि स्वतः सावकाराच्या दारात उभ्या राहत. हे प्रेमा पुरव या युनियनच्या कार्यकर्तीने पाहिले, आणि १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्यांच्या कन्या मेधा पुरव-सामंत यांनी १९९३ साली हेच काम पुण्यात उभे केले. अहमदाबादेत मजूर महाजनाच्या महिला विभागातून इलाबेन भट्टांनी 'सेवा' संघटना उभारली आणि १९७४ साली चार हजार बायकांनी दहा-दहा रुपयांचे भाग घेऊन स्वतःची बँक काढली. १९८१ साली मात्र मजूर महाजनानेच 'सेवा'ला बाहेर काढले. म्हणजे पुरुषांच्या युनियनने बायकांच्या प्रश्नाला 'हा तुमचा प्रश्न' म्हणण्याची चूक मी पहिल्यांदा केली असे नाही. पण त्याने माझी चूक लहान होत नाही.

साताऱ्याच्या माण तालुक्यातील म्हसवडची गोष्टही सांगण्यासारखी आहे. चेतना सिन्हा यांनी तेथल्या बायकांना घेऊन बँक काढायचे ठरवले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. कारण भागधारक बायका निरक्षर. बायका परत आल्या, रात्रीच्या वर्गाला बसल्या, आणि पुन्हा जाऊन म्हणाल्या, "आम्हाला व्याजाचे गणित घाला. आम्ही तोंडी सोडवतो. तुमच्या साहेबांनी यंत्रावर सोडवावे." १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उघडली. मगाशी मी सपाट दराचा हिशेब केला, तो असा तोंडी करता आला पाहिजे. या काळातले ते शस्त्र आहे.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे. नाही तर हे भाषण जाहिरात होईल. कर्ज दिले की धंदा होतो आणि धंदा झाला की गरिबी जाते, हे खरे नाही. अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादच्या १०४ वस्त्यांत पाहणी केली. निम्म्या वस्त्यांत कर्ज देणारी संस्था आधी गेली, निम्म्यांत गेली नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, ज्यांचा धंदा आधीपासून होता त्यांचा काहीसा वाढला. परंतु सरासरीने घरखर्च वाढला नाही, आणि घरात बाईचा शब्द वजनदार झाला असेही दिसले नाही. त्याच आंध्रात २०१० साली काय झाले, हे आपणांस आठवत असेल. एकेका घरात तीन-तीन, चार-चार कंपन्यांची कर्जे, वसुलीचा जाच, आत्महत्यांच्या बातम्या, आणि ऑक्टोबरमध्ये सरकारचा वटहुकूम. ज्या कर्जाने बाई उभी राहील असे म्हटले होते, त्याच कर्जाने ती खाली बसली.

याचे कारण उघड आहे. दहा घरांच्या वाडीत तीन बायकांनी पापड लाटले, तर पापड घेणार कोण? कर्ज म्हणजे भांडवल. भांडवलाला बाजार लागतो. आपल्या महानगरपालिकेची पवनाथडी जत्रा सांगवीला भरते, तेथे बचतगटांच्या मालावर आपण सर्व जण तुटून पडतो. फार चांगली गोष्ट आहे. पण जत्रा चार दिवसांची असते आणि हप्ता बारा महिन्यांचा. या पट्ट्यात हजारो कामगारांना रोज दोन वेळचे जेवण लागते. कारखान्यांच्या कॅन्टीनची कंत्राटे निघतात. त्यांतले एक तरी बायकांच्या संघाला मिळावे म्हणून आम्ही एका ठिकाणी अर्ज केला. अनामत रक्कम, परवाने, आधीच्या उलाढालीचे दाखले यांची यादी पुढे आली आणि अर्ज परत आला. अजून मिळालेले नाही. प्रयत्न सोडलेला नाही.

मग करायचे काय? मी आपल्यापुढे थोडक्या गोष्टी ठेवतो.

पहिली, ज्या भगिनी कर्ज घेतात किंवा ज्यांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाई कर्ज घेतात, त्यांनी नियम माहीत करून घ्यावेत. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली छोट्या कर्जांचे नियम केले आहेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला हे कर्ज तारणावाचून द्यायचे आहे. सर्व कर्जांचे मिळून हप्ते घरच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. खरा वार्षिक दर आणि सर्व कापाकापी बाईला समजेल अशा भाषेत लिहून दिली पाहिजे. मुदतीपूर्वी फेडले तर दंड नाही. आणि सकाळी नऊच्या आधी व संध्याकाळी सहानंतर वसुलीसाठी त्रास देता येत नाही. हा कागद आज आपल्यापैकी एकाने जरी घरी जाऊन कामाच्या बाईला वाचून दाखवला, तरी माझे येणे सार्थकी लागले.

दुसरी गोष्ट पुरुषांसाठी. कर्ज तिच्या नावावर आणि मोटारसायकल तुमच्या नावावर, हा व्यवहार बंद करा. तिच्या सहीने आणलेला पैसा तिच्या धंद्यात गेला पाहिजे, आणि जो धंदा ती करते, त्याचे खाते, परवाना, खोलीची करपावती यांवर तिचे नाव आले पाहिजे. लक्ष्मीमुक्ती शेतापुरती नव्हती.

तिसरी गोष्ट आम्हा युनियनवाल्यांसाठी. आमच्या समितीत आता असा ठराव आहे की, कोणताही लढा सुरू करण्यापूर्वी कामगारांच्या घरच्या बायकांची सभा घ्यायची आणि विचारायचे: घरात कर्ज किती, हप्ता किती, किती दिवस निभेल? वर्गणीतला एक भाग त्यासाठी बाजूला ठेवायचा. पहिल्या अशा सभेत मी माफी मागितली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागच्या ओळीतून एकीने विचारले, "वर्गणीतला भाग म्हणजे किती, भाऊ? आकडा सांगा." तो आकडा ठरवायला आम्हाला तीन महिने लागले. पण तो प्रश्न कचेरीच्या दारातून परत गेला नाही.

सुप्याच्या शेतकऱ्याने कागद जाळला, कारण त्याला तो वाचता येत नव्हता आणि त्याची अट ठरवण्यात त्याचा हात नव्हता. आज आपल्याला कागद जाळायचा नाही. बायकांनी तो वाचावा, त्याचा हिशेब तोंडी करावा, आणि जमेल तेथे तो कागद स्वतः लिहावा. कर्ज बाईचे असेल तर व्याजावरही तिचा ताबा असला पाहिजे. एवढेच मला सांगायचे होते.